चिकन आणि भाज्या एकाच सळईवर नकोत

फोटोत रंगीबेरंगी सळई छान दिसते, पण चिकन शिजेपर्यंत टोमॅटो गळून पडतो. म्हणून चिकनच्या सळ्या वेगळ्या, भाज्यांच्या वेगळ्या.

अर्धा किलो बोनलेस मांडीचे ३ सेंमीचे तुकडे करा. छातीचं मांस चालतं, पण दोन मिनिटं जास्त झाली की चिवट होतं. तुकडे आधी कोरडे पुसा. मसाल्यासाठी १०० ग्रॅम चक्का, १ मोठा चमचा आलं-लसूण वाटण, २ लहान चमचे तिखट, अर्धा लहान चमचा हळद, १ लहान चमचा धणे-जिरे पूड, सव्वा लहान चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल. साधं दही घातलंत तर पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं; फिकट, ओलसर कबाबांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. फ्रिजमध्ये ४ तास पुरे. लिंबू मात्र शेवटी पिळा, आंबटात फार वेळ राहिलं की मांस भुसभुशीत होतं.

लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. तुकड्यांमध्ये किंचित फट ठेवा, नाहीतर चिकटलेल्या बाजू कच्च्या राहतात. ओव्हन २२० अंशांवर आधीच तापवून वरच्या कप्प्यात १५ ते १८ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. आतलं तापमान ७४ अंश हवं. उरलेला कच्चा मसाला वरून लावायचा मोह टाळा, त्याऐवजी तेल लावा.

ढोबळी मिरची, कांद्याला फक्त तेल-मीठ. १० मिनिटांत होतात.