कित्ता

आमची सून नेब्रास्काची. तिची खापरपणजी नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याची मुलगी, एवढंच त्यांच्या घरात माहीत होतं. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. जुना कागद दिसला की हात शिवशिवतात. म्हटलं, बघू तरी.

१८८०च्या अमेरिकी जनगणनेत कुटुंब लगेच सापडलं. नवरा, बायको, तीन मुलं. मधली मुलगी ३ वर्षांची, नाव खापरपणजीचंच. पण १९००च्या जनगणनेत तीच मुलगी १४ वर्षांची! वीस वर्षांत पोरगी अकराच वर्षांनी वाढली. लिहिणाऱ्याची चूक असणार असं ठरवून मी दोन्ही नोंदी एकीच्याच नावावर चढवल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नेमक्या अशाच चुका काढत आलो, हे वर.

सुनेनेच बोट ठेवलं. "बाबा, आईच्या नावापुढे हे दोन आकडे कसले?"

१९००च्या तक्त्यात बायकांसाठी दोन रकाने होते: मुलं किती झाली आणि त्यांतली हयात किती. तिथे लिहिलं होतं, ६ आणि ३.

मधली १८९०ची जनगणना बघायची सोय नाही, तिचे बहुतेक कागद १९२१मध्ये वॉशिंग्टनच्या आगीत खराब झाले आणि पुढे नष्टच केले गेले. पण नेब्रास्कात १८८५मध्ये एक जादा जनगणना झाली होती आणि तिला मृत्यूंचा वेगळा तक्ता जोडलेला आहे. त्यात ते आडनाव एकाखाली एक तीनदा आलंय. मुलगी ७, मुलगा ५, मुलगी २. महिना नोव्हेंबर, म्हणजे १८८४चा. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'डिप्थीरिया', म्हणजे घटसर्प. खालच्या दोन ओळींना नुसत्या बारीक रेघा. आपल्या जुन्या दप्तरांत 'कित्ता' लिहायचे, तसं. डॉक्टरच्या नावाचा रकाना कोरा. डॉक्टर आला असता तरी काय करणार होता म्हणा. घशात पडदा धरून श्वास कोंडायचा आणि त्यावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन मिळायला अजून दहा वर्षं जायची होती.

१८८६मध्ये पुन्हा मुलगी झाली. तिला त्यांनी गेलेल्या थोरलीचं नाव ठेवलं. नॉर्वेच्या घरांत तशी रीतच होती. हीच सुनेची खापरपणजी. माझ्या वंशावळीत दोघी बहिणी एक होऊन बसल्या होत्या.

मग राहवेना, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्यांच्या जमिनीची फाईल मागवली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे. पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची आणि दोन साक्षीदार उभे करून तसं सिद्ध करायचं. बापाची जबानी एप्रिल १८८५ची आहे, छापील प्रश्न आणि खाली उत्तरं. घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं, १४ बाय १६ फूट. एक विहीर. ३५ एकर नांगरटीखाली. जमीन सोडून कधी बाहेर राहिलात का? नाही. कुटुंबात कोण? बायको आणि एक मुलगा.

त्या फाईलमध्ये खोट काढायला जागा नाही. तारखा जुळतात, साक्षीदारांच्या सह्या जिथल्या तिथे. माझ्या टेबलावर आली असती तर मीही शिक्का मारून पुढे सरकवली असती.