जुना पीएसपी घरच्या वायफायला जोडताना

सोनीचा पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, अजून वापरणारे लोक आहेत आणि मला त्याचा खूप आनंद आहे, पण आजच्या राउटरला तो जोडायचा म्हटलं की बऱ्याच जणांचा धीर सुटतो. खरंतर दोष त्या बिचाऱ्या मशीनचा नाहीच, २००४ सालची वस्तू आहे ती, त्यात वायफाय ८०२.११बी या जुन्या प्रकारचं, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए या वायफाय सुरक्षेच्या जुन्या पद्धतीपर्यंतच, त्यामुळे राउटर नुसत्या डब्ल्यूपीए२ किंवा ३ या नंतरच्या पद्धतींवर असेल तर पासवर्ड अगदी बरोबर टाकला तरी कनेक्शन होत नाही.

आधी पीएसपीवरचं डब्ल्यूलॅनचं, म्हणजे वायफाय चालू-बंद करायचं, छोटं बटण बघा. १००० मॉडेलला ते डाव्या बाजूला असतं, २००० आणि ३००० ला वरच्या कडेला, आणि ते ऑफ असेल तर मेनूत कितीही फिरा काही होणार नाही. मग सेटिंग्ज, नेटवर्क सेटिंग्ज, इन्फ्रास्ट्रक्चर मोड, स्कॅन. नाव दिसलंच नाही तर राउटरचा मोड बघा (बी, जी, एन हे वायफायचे जुन्यापासून नव्यापर्यंतचे प्रकार), 'फक्त एन' असेल तर 'बी/जी/एन मिक्स्ड' करा.

सिक्युरिटीसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क करून त्यालाच डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड लावा, सगळ्या घराचं वायफाय कमकुवत करू नका प्लीज, त्याच वायफायवर आपले बँकेचे व्यवहार चालतात. आणि डब्ल्यूईपी ही त्याहून जुनी पद्धत तर अजिबात नको, ते काही मिनिटांत फोडता येतं. खेळून झालं की गेस्ट नेटवर्क बंद करून टाका.