उत्तरेकडची खिडकी

आठवीच्या वर्गाला तीन खिडक्या होत्या. दोन रस्त्याकडे उघडायच्या, तिसरी उत्तरेला. तिचं एक दार कधीच निखळून पडलं होतं, त्यामुळे ती बंद व्हायचीच नाही. पोळा उलटून गेला, पावसानं हवा धुऊन निघाली, की त्या खिडकीतून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांपलीकडे एक निळी रेघ दिसायची. भूगोलाच्या पुस्तकात ती सातपुडा होती, आमच्या तोंडी नुसता 'पहाड'. उन्हाळ्यात धुळीनं ती पुसली जायची. पुन्हा दिसली की बाकावरून एक तरी पोरगी म्हणायचीच, "आला बाई पहाड!"

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवण लिहायला सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ती खिडकी आठवली, आणि मग पाणी.

बाहेर गेलेल्या मुलांना कदाचित आता आठवत नसेल, पण आपलं गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलाय. शाळेसमोरच्या हापशीचं पाणी तोंडात धरवत नसे. त्या पाण्यात साबणाला फेस यायचा नाही. चहात दूध ओतलं की फाटायचं. तुरीची डाळ सोडा टाकल्याशिवाय शिजत नसे, आणि शिजली तरी दाणा दाताखाली यायचाच. त्यातल्या त्यात बरं पाणी गावाबाहेरच्या एका विहिरीला होतं, तिथं पहाटेपासून गुंडांची, म्हणजे पाणी भरायच्या भांड्यांची, रांग लागायची. आम्ही मुली त्या रांगेत उभं राहून मग शाळेत यायचो. माझी आजी मात्र पहाडाखालच्या गावातली. लग्न होऊन इकडे आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. म्हातारपणीही जेवताना घास अडला की म्हणायची, "पहाडाचं पाणी साखर हाये माय. तुमाले काय सांगू?"

भूगोलाच्या सरांनी एकदा फळ्यावर पहाड काढला, खाली दगडगोट्यांचा पट्टा काढला आणि त्याच्याखाली आपलं काळं रान. पहाडावरून नाले धावत खाली येतात, पायथ्याशी दगडगोटे आणि रेतीचा जो पट्टा आहे त्याला 'बजाडा' म्हणतात, तिथं ते पाणी जमिनीत जिरून जातं. त्याच्या पुढं आपली माती. तिच्याखाली गाळाचे खोल थर, चिकण, निचरा न होणारे, आणि त्यात अडकून पडलेलं जुनं खारं पाणी. मी हात वर करून विचारलं, "सर, पहाड तर इथून दिसतो. मग त्याचं गोड पाणी आपल्यापर्यंत का येत नाही?" सरांनी खडू ठेवला. "जानेवारीत चालत जाऊन पाहू," म्हणाले.

मुलांना घरून लगेच परवानगी मिळाली. मुलींचं तसं नव्हतं. मराठीच्या बाई घरोघरी गेल्या, प्रत्येकीच्या आईशी चुलीपाशी बसून बोलल्या, आणि सहा जणींना सोडवून आणलं. बाईंनी त्या संध्याकाळी किती घरांच्या पायऱ्या चढल्या, हे मला आज स्वतः आई झाल्यावर कळतं. प्रत्येकानं शेरभर जाडी कणीक, दोन वांगी, दोन गोवऱ्या आणि पांघरूण आणायचं ठरलं. गोवऱ्या कशाला, ते पुढे येईलच.

अकोटपर्यंत एसटी. तिथून उत्तरेला पोपटखेडच्या वाटेनं पायी. चालता चालता रान बदलत गेलं, ते मी अजून डोळे मिटून पाहू शकते. आधी आपल्यासारखीच पऱ्हाटी, तूर, हरभरा. मग एकाएकी संत्र्याचे बगीचे, केळीची दाट हिरवी भिंत, पानपिंपरीच्या औषधी वेलाचे मांडव. आम्ही पोरी उभ्याच राहिलो. जानेवारीत इतकं हिरवं आम्ही पाहिलंच नव्हतं. एका बगीच्यात दांडातून पाणी झुळझुळ वाहत होतं. मालकानं हात केला, "प्या न पोरीहो!" मी ओंजळ भरून प्यायले आणि मला वाटलं, या पाण्याला चवच नाही. खरंच, मी बाईंना तसंच म्हणाले, "बाई, हे काहीच लागत नाही." बाई म्हणाल्या, "यालाच गोड पाणी म्हणतात गं."

पुढे नाला लागला, पार कोरडा. डोक्याएवढे गोल गोल धोंडे आणि रेती. सरांनी आम्हांला त्या धोंड्यांवर बसवलं. "हाच बजाडा. तुमच्या पायाखालून पाणी चाललंय." विश्वास कुणाचाच बसला नाही. दुसऱ्या दिवशी तोच नाला वर झाडीत पाहिला तर तो बोलत होता, दगडांवरून उड्या मारत होता. खाली येता येता त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि एका जागी शेवटची ओल संपली. आम्ही सगळे त्या ओलीभोवती उकिडवे बसलो होतो. शाळेत शिकलेल्या किती गोष्टी विसरले, पण ती जागा नाही.

मुक्काम शहानूरला होता, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी. गावात कोरकू आदिवासींची वस्ती, एकमेकींकडे तोंड करून दोन रांगांत उभी घरं, समोरची अंगणं शेणानं सारवलेली, आणि इतकी स्वच्छ की चप्पल घालून जायला संकोच वाटावा. संध्याकाळी गोवऱ्यांचा आर पेटवला आणि रोडगे लावले. कणीक घट्ट भिजवून, तेलाचा हात देऊन, एकावर एक पदर गुंडाळून केलेले गोळे निखाऱ्यात पुरायचे. वरून गरम राख. ते फुगून तडकेपर्यंत एकीकडे वांग्याची भाजी शिजते, आणि तिच्या वासानं जीव कासावीस होतो. राख झटकून फोडलेला रोडगा, त्यात तुपाची धार आणि तिखटजाळ वांगं. मी पुढे आयुष्यात मोठमोठ्या ठिकाणी जेवले. थंडीत आराला पाठ करून खाल्लेल्या त्या रोडग्याच्या जवळपासही त्यातलं काही नाही.

गावातले एक म्हातारे आमच्या आराजवळ येऊन बसले. मराठी थोडकंच बोलायचे. अंधार पडल्यावर नाल्याकडे जाऊ नका, अस्वल पाण्याला येतं, एवढं त्यांनी तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या झाडाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे दाखवले तेव्हा आमच्यातली धिटुकली पोरंही गप्प झाली.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. ती आणि मी एका बाकावर बसायचो, पण सहलीच्या आधी दोन महिने आमचा अबोला होता. कारण विहिरीवरचा नंबर. तिनं माझा गुंड मागे सरकवला, मी तिचा लोटला, मग आमच्या आयांची भांडणं झाली. बाकावर मधोमध खडूची रेघ होती. किल्ल्याची चढण सुरू झाली आणि अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी चालणं आम्हांला नवीन नव्हतं, पण कुसळी गवत आणि तापलेले दगड होते. मी मागे पडले. ती पुढून परत आली. बोलली नाही. स्वतःच्या वेणीची लाल रिबीन सोडली, दातानं फाडून दोन तुकडे केले, आणि खाली बसून माझी चप्पल पायाला आवळून बांधली. किल्ल्यावर दिवसभर ती एक वेणी सुटलेली घेऊन फिरली. घरी गेल्यावर रिबिनीसाठी आईची बोलणी खाल्ली ते वेगळंच.

चढणीवरचं जंगल तेव्हा पानगळीला लागलं होतं. सागाची वाळली पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. सालईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले, खरचटलं तिथं डिंकाचा सुगंध. एका कड्यापाशी कांडोळाचं पांढरंफटक झाड, लोक त्याला भुताचं झाड म्हणतात, एकटंच उभं. सरांचा नियम होता: प्रत्येक वळणावर थांबायचं आणि थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. पहिल्या वळणावर आम्हांला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यावर सुतार पक्ष्याची टकटक. तिसऱ्यावर दरीतून वानरांचं खॅक-खॅक आलं, आणि सर हळूच म्हणाले, "ते कुणाला तरी पाहताहेत."

एकामागून एक दरवाजे लागतात. त्यातला महाकाली दरवाजा पाहून मला दडपण आलं. पिवळसर पांढऱ्या दगडात कोरलेली कमळं, वर शिलालेख. हा दरवाजा १४८७ मध्ये वऱ्हाडचा बहमनी सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळात बांधला, आणि अकबराच्या राज्यात हा किल्ला वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं, ठाणं होता, हे सरांनी तिथं दगडाला हात लावून सांगितलं. वर नवगजी तोफ आहे, शक्कर तलाव आहे. पावसाचं पाणी साठवायला बांधलेली टाकी आहेत, वरून झाकलेली. लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. किल्ल्यावर पुष्कळ तलाव होते असं सांगतात. इतकी माणसं, हत्ती, घोडे त्या डोंगरमाथ्यावर पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर जगले. खाऱ्या गावातल्या आम्हां पोरांना तटबंदीपेक्षा त्या टाक्यांचं अप्रूप जास्त वाटलं. माझी मैत्रीण एका टाक्यात वाकून बराच वेळ पाहत राहिली. "आपल्या गावात असं एक पाहिजे होतं," एवढंच म्हणाली. ते तिचं दोन महिन्यांतलं माझ्याशी पहिलं वाक्य.

दक्षिणेकडच्या तटावरून सगळं वऱ्हाड खाली पसरलेलं. आम्ही आमचं गाव शोधलं. नाही सापडलं. शाळेच्या खिडकीतून रोज पहाड दिसायचा, आणि पहाडावरून शाळा दिसत नव्हती. आठवीतल्या माझ्या मनाला ते फार लागलं. सरांनी धुरकट क्षितिजाकडे बोट करून "तिकडे कुठेतरी आपण" म्हटलं, तेव्हा कुठं बरं वाटलं.

परतताना मी आजीसाठी पाणी घेतलं. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन घरून मुद्दाम आणली होती, नाल्याच्या वाहत्या पाण्यात खळखळून धुतली आणि भरली. ती एकटीला पेलवेना. मग मैत्रिणीनं एका बाजूनं कडी धरली, मी दुसऱ्या बाजूनं. पोपटखेड, अकोट, एसटी, मग गावच्या फाट्यापासून घरापर्यंत. वाटेत हात बदलायला थांबायचो तेवढ्याच गप्पा व्हायच्या, पण दोन महिन्यांचं सगळं बोलून झालं.

मला वाटलं होतं आजी ते पाणी गटागटा पिईल. तिनं एक घोट घेतला, झाकण लावलं, आणि तांब्यानं मोजून निम्मं पाणी मैत्रिणीच्या घरी पाठवून दिलं. राहिलेल्या पाण्यात तुरीची डाळ चढवली. सोडा नाही, काही नाही. तासाभरात डाळ लोण्यासारखी मऊ झाली. आजी भिंतीला टेकून बसली, भाकर कुस्करून डाळीत कालवली, आणि खाता खाता म्हणाली, "हे माह्या मायच्या घरची डाळ हाये." पुढे कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

दहावीनंतर सगळे पांगले, पण आमची वाट सुटली नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला पायी जाणाऱ्यांत आम्ही मैत्रिणी मिसळायचो. तेव्हाचा पहाड वेगळाच असतो. धुक्यात अर्धा बुडालेला, प्रत्येक दरीतून पाण्याचा आवाज, आणि सागाचं कोवळं पान चोळलं की तळहात लाल. पुढे नोकऱ्या आल्या, लेकरं झाली, मध्ये काही वर्षं खंड पडला. गेली बरीच वर्षं मात्र आम्ही सहापैकी चौघी दर जानेवारीत शहानूरला जातो. आता वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. नरनाळा १९९७ साली अभयारण्य झालं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. त्याच साली, संपला असं समजलेला रानपिंगळा ११३ वर्षांनी खानदेशात पुन्हा दिसला, आणि नंतर आपल्या मेळघाटातही सापडला. दिवसा फिरणारं हे छोटं घुबड. गेल्या वेळी नाक्यावरच्या पोरानं एका सागाकडे बोट दाखवलं, आम्ही चौघी माना वर करून उभ्या राहिलो. काहीतरी तपकिरी हललं. तोच होता की साधा पिंगळा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मैत्रिणीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

जंगलातली काही गावं आता खाली मैदानात वसवली आहेत. त्या माणसांना पहाड सोडताना काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. आजीनं पहाड सोडला होता, तिच्याकडे मी ते पाहिलंय.

मागच्या महिन्यात महोत्सवाच्या बैठकीसाठी शाळेत आले होते. हापशीच्या जागी नळाची तोटी आहे. वाण धरणातून ८४ खेड्यांच्या योजनेचं पाणी येतं. वाण नदी सातपुड्यातूनच उतरते. पाचवीतली एक मुलगी तोटीखाली तोंड लावून पाणी पीत होती, अर्धं पीत होती, अर्धं सांडत होती. मी जवळ जाऊन ओंजळ धरली. काहीच लागलं नाही.

उत्तरेकडच्या खिडकीला नवीन दार बसवलंय. ते उघडं ठेवा अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. आणि महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना पहाडावर यायचं असेल त्यांनी सकाळी सहाला फाट्यावर थांबा. शेरभर कणीक, दोन वांगी, दोन गोवऱ्या. तूप माझ्याकडे.