दाबायचा नळ आणि आजीचा भाऊ

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याला दाबायचे नळ आहेत. रेल्वे स्टेशनवर असतात तसे. बोंड दाबून सोडलं की आठ-दहा सेकंद धार येते आणि आपोआप थांबते. गेल्या महिन्यात कुणीतरी बाटल्या भरताना हात मोकळे राहावेत म्हणून बोंड दाबून त्यावर सुतळी गुंडाळली आणि तशीच सोडून गेलं. दुपारपर्यंत गच्चीवरची टाकी कोरडी. मी ती सुतळी सोडवून खिशात टाकली आणि तशीच बारावीच्या वर्गात गेले, कारण त्या दिवशी मला नेमकं हेच शिकवायचं होतं.

आपल्या पेशींत जीटीपी (तीन फॉस्फेट असलेला एक छोटा रेणू) धरून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यांना जी-प्रथिनं म्हणतात. पेशीच्या पडद्याला आतल्या बाजूने ती चिकटलेली असतात. स्वस्थ असताना त्यांच्या खोबणीत जीडीपी, म्हणजे दोनच फॉस्फेट असलेला त्याचा भाऊ, बसलेला असतो. बाहेरून एखादं संप्रेरक येऊन पेशीवरच्या ग्राहकाला (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला) लागलं की तो जीडीपी निसटतो आणि जीटीपी आत शिरतो. मग प्रथिन जागं होऊन पुढच्या एन्झाइमला कामाला लावतं. मला यातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट मात्र पुढे आहे. हेच प्रथिन जीटीपीचा तिसरा फॉस्फेट स्वतःच तोडून टाकतं आणि पुन्हा झोपी जातं. बंद करायला बाहेरून कुणी यावं लागतंच असं नाही. आमच्या नळाच्या धारेसारखा सेकंदांचाच हिशेब.

हे कळायला बराच काळ गेला. मार्टिन रॉडबेल अमेरिकेत उंदराच्या यकृतावर काम करत होते. 1971 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की आपण जो परिणाम एटीपीचा (पेशीच्या इंधन-रेणूचा) समजत होतो, तो त्यात मिसळलेल्या थोड्याशा जीटीपीचा आहे. आल्फ्रेड गिलमन यांनी पुढे ते प्रथिन वेगळं काढलं, आणि 1994 चं नोबेल दोघांना मिळालं. मी मुलांना आणखी दोन नावं आवर्जून सांगते: जेरुसलेमचे डॅन कॅसल आणि झ्वी सेलिंजर. त्यांनी टर्की कोंबड्यांच्या लाल रक्तपेशी घेतल्या आणि 1977 मध्ये दाखवलं की कॉलऱ्याचं विष जीटीपी तोडण्याची ही क्रियाच रोखून धरतं.

म्हणजे सुतळी.

कॉलऱ्याचा जंतू स्वतः आतड्याच्या पेशीत शिरत नाही, त्याचं विष शिरतं. हे आधी सिद्ध केलं कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोऱ्याने दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सोडलं, तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. साल 1959. ह्या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेशीत गेलेलं विष जी-प्रथिनाच्या एकाच जागी, 201 क्रमांकाच्या आर्जिनिनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्यावर), एक जोड चिकटवतं. एवढ्याने फॉस्फेट तोडणं थांबतं. प्रथिन जागं ते जागंच राहतं. त्या पुढच्या एन्झाइमने बनवलेला निरोप्या रेणू, सायक्लिक एएमपी, साचत जातो, क्लोराइडचे दरवाजे उघडे राहतात, क्लोराइडमागे सोडियम आणि त्यांच्यामागे पाणी आतड्याच्या पोकळीत ओतत राहतं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, मोठ्या माणसाला तासाला लिटरभरसुद्धा. (याच 201 व्या जागी जन्माआधीच बदल झाला तर मॅक्यून-अल्ब्राइट नावाचा हाडांचा, कातडीचा आणि ग्रंथींचा आजार होतो. तिथे जंतूचा संबंधही नसतो.)

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, पाणी बाहेरच जातंय, तर मग पाजून काय उपयोग?’’

मी क्षणभर गप्प झाले. हाच प्रश्न माझ्या आजीच्या घरात एकदा विचारला गेला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर दिलं गेलं होतं.

आजीचं माहेर भीमेकाठचं. वारी पुढे गेली की मागे पटकी, म्हणजे कॉलरा, यायची, असं ती सांगायची. मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटायचे. आजी नऊ वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाला पटकी लागली. पाणी दिलं की जुलाब वाढतात, ही समजूत. ‘‘पानी दिऊ नका म्हनायची समदी. पानी मागत मागत गेलं गं लेकरू,’’ एवढंच ती बोलायची.

नुसतं पाणी त्याला खरंच पुरलं नसतं. पाणी आत घ्यायचं तर आधी मीठ आत जावं लागतं, आणि नेहमीची वाट विषाने अडवलेली असते. पण आतड्याच्या पेशींत आणखी एक दार आहे, त्याला ह्या जी-प्रथिनाचं काही देणंघेणं नाही. ते ग्लुकोजचा एक रेणू आला की त्याच्यासोबत सोडियमचे दोन आयन आत घेतं, आणि मागोमाग पाणी. नळ वाहतच असतो, पण टाकी भरत राहते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, सुतळी बांधलेल्या पेशी झडून जातात. तोवर माणूस तगायला हवा. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते चारच्या खाली आले. अगदी गळून गेलेल्याला शिरेतूनच द्यावं लागतं, पण बाकीच्यांना लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ.

हे सगळं मी एमएस्सीला असताना सुट्टीत आजीला सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. जी-प्रथिन वगैरे काही म्हणाले नाही, नळाचंच उदाहरण दिलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

‘‘साखर नव्हती आमच्याकडं तवा,’’ ती म्हणाली.

‘‘गूळही चालतो, आजी. गूळ आणि मीठ.’’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘गूळ हुता. मीठ बी हुतं.’’