शून्याशी पोहोचलेली दोन विश्वे

विश्वाचा काळ मागे नेत शून्याशी आणला की आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेची समीकरणे कोलमडतात, हे आमच्या विश्वरचनाशास्त्रात सर्वांना पाठ असते. नेमके काय कोलमडते, हे मात्र दर वेळी तपासून पाहावे लागते. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने या समीकरणांना गणितज्ञ कास्नर यांनी १९२१ साली काढलेल्या उत्तरावर आकडेमोड केली होती. या द्रव्यहीन विश्वात तिन्ही दिशा काळाच्या आपापल्या घातांकानुसार ताणल्या किंवा आकसल्या जातात. घातांकांची बेरीज १ आणि वर्गांची बेरीजही १ असावी लागते.

त्याने १, ०, ० हे घातांक घेतले होते. आकारमान शून्य झाले, म्हणून आलेखाखाली ‘सिंग्युलॅरिटी’, म्हणजे जिथे भूमितीच संपते असा बिंदू, असे लिहूनही टाकले होते. मी त्याला क्रेचमन अदिश, म्हणजे निर्देशकांवर अवलंबून नसलेले वक्रतेचे माप, काढायला सांगितले. ते सर्वत्र शून्य आले. तो निव्वळ सपाट अवकाशकाल होता. निर्देशक बदलताच कणाचा मार्ग त्या ‘आरंभा’च्या पलीकडे सरळ निघून गेला.

मग −१/३, २/३, २/३ हे घातांक घेतले. आता काळ निम्मा केला की अदिश सोळापट होई, म्हणजे तो काळाच्या चौथ्या घाताने भागलेल्या एका स्थिर आकड्याइतका असे, आणि तो आकडा ६४/२७ येई. “सर, हा आकडा मी पाहिला आहे,” असे म्हणत त्याने श्वार्त्झशिल्ड, म्हणजे न फिरणाऱ्या, कृष्णविवराची जुनी फाइल उघडली. केंद्रावर आदळायला उरलेल्या काळात मोजले, तर तिथेही ६४/२७ च होते! क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेच्या, आत, केंद्राजवळ, दोन दिशा आकसतात आणि तिसरी ताणली जाते. म्हणजे भूमिती तीच, फक्त काळाची दिशा उलटी.

पेनरोज यांचे १९६५ सालचे प्रमेय, ज्याला रायचौधुरी यांच्या १९५५ सालच्या समीकरणाचा आधार आहे, प्रकाशाचे काही मार्ग अपुरे राहतात, म्हणजे पुढे नेता येत नाहीत, एवढेच सांगते. वक्रता अनंत होते असे ते म्हणत नाही, हे अनेकदा विसरले जाते. शिवाय आरंभानंतरच्या पहिल्या सुमारे १०⁻⁴³ सेकंदात सामान्य सापेक्षतेच्या सिद्धांतावर विसंबता येत नाही, आमचा आलेख तिथेही गुळगुळीत दिसत असला तरी.

विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: आरंभ असा वेडावाकडा असू शकतो, तर विश्वाच्या आरंभकाळातून उरलेले २.७२५ केल्विनचे पार्श्वप्रारण सर्व दिशांना लाखात एक भागापर्यंत सारखे कसे? महाविस्फीती, म्हणजे आरंभीचे अतिवेगवान प्रसरण, हा विषमपणा पुसून टाकते, हे खरे. पण इतक्या विषम अवकाशात ती मुळात सुरू कशी होते, यावर एकमत नाही. या द्रव्यहीन विश्वात वस्तुमानरहित अदिश क्षेत्र, म्हणजे प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा असलेले क्षेत्र, घातले, तर घातांकांच्या वर्गांची बेरीज १ हून कमी राहते आणि काळ मागे नेताना तिन्ही दिशा एकदम आकसू शकतात. पुढची आकडेमोड आम्ही त्यावरच लावली.