सेलेन ते मूरा, पंधरा स्टेज

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोला, रिटायर होईपर्यंत. त्यामुळे आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धतच नव्हती, सगळं स्टेजमध्ये. एसटीचा एक स्टेज म्हणजे 6 किलोमीटर. मामाचं गाव चार स्टेज, मोठ्या आत्याचं नऊ स्टेज, असं. मी स्वीडनमधून फोन करून सांगितलं की अण्णा, मी 90 किलोमीटरच्या स्कीच्या रेसमध्ये नाव दिलंय, तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "म्हणजे पंधरा स्टेज. साताऱ्यातनं निघालीस तर कराड सोडून पार पेठ नाक्याच्या आसपास जाशील. आणि हे सगळं बर्फावरनं? एका दिवसात?"

हो, एका दिवसात. या रेसचं नाव वासालोप्पेत. दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला सेलेन गावाजवळच्या माळावरून पंधरा हजार माणसं एकदम सुटतात आणि जंगलातून, गोठलेल्या दलदलींवरून मूरा गावात पोचतात. मी राहते ते फालुन याच दालार्ना भागात आहे, त्यामुळे इथे फेब्रुवारी लागला की ऑफिसात, दुकानात, मुलांच्या शाळेच्या गेटवर, सगळीकडे एकच विषय असतो, या वर्षी बर्फ कसाय आणि तू कितव्या गटात आहेस.

यामागची गोष्ट ऐकली तेव्हाच खरं तर मी अडकले. 1520 साली डेन्मार्कच्या राजाने स्टॉकहोममध्ये सरदारांची कत्तल केली. गुस्ताव वासा नावाचा तरुण सरदार त्यातून वाचला, मूराला आला आणि लोकांना म्हणाला उठा, लढू या. लोक तयार होईनात, म्हणून तो निराश होऊन नॉर्वेच्या दिशेने निघून गेला. मग गावकऱ्यांचं मन बदललं आणि त्यांनी दोन चांगले स्की करणारे त्याच्या मागे पाठवले, त्यांनी त्याला सेलेनला गाठलं आणि परत आणलं. 1523 मध्ये तो राजा झाला. आग्र्याहून सुटकेच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या साताऱ्याच्या मुलीला ही गोष्ट परकी वाटणं शक्यच नव्हतं. रेस सेलेनहून मूराकडे जाते, म्हणजे तो पळून गेला ती वाट नाही, परत आला ती वाट. पहिली रेस 1922 ला झाली, तेव्हा 22 वर्षांचा एर्न्स्ट आल्म साडेसात तासांत पोचून जिंकला होता, आता जिंकणारे चार तासांच्या आत पोचतात. आमच्यासारख्यांना साधारण बारा तास मिळतात.

मला स्की शिकवलं आमच्या शेजारच्या आजींनी. इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला ते जमत नाही, मी त्यांना आजीच म्हणते आणि त्यांना तो शब्द आता छान कळतो. त्यांनी मला पहिले दोन आठवडे फक्त पडल्यावर उठायला शिकवलं. दोन्ही स्की शेजारी शेजारी आणायच्या, कुशीवर वळायचं, गुडघ्यावर यायचं, मग उठायचं. नोव्हेंबरमध्ये साडेतीनलाच अंधार पडतो, ऑफिस सुटल्यावर लुग्नेतच्या स्की मैदानावर दिव्यांचा ट्रॅक असतो तिथे आम्ही जायचो, उणे बारा, उणे पंधरा, पापण्यांवर बर्फ धरायचा. बर्फात मशीनने दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, त्यात स्की ठेवायच्या आणि दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलायचं. मी हातांनी ढकलायचे आणि दहा मिनिटांत खांदे भरून यायचे. आजी मागून ओरडायच्या, "पोटाने ढकल, हाताने नाही, अंग काठ्यांवर सोड." ते कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. उन्हाळ्यात चाकांच्या स्की घालून डांबरी रस्त्यावर प्रॅक्टिस, आणि गुडघे सोलवटून घरी.

आजींबद्दल एक सांगायलाच हवं. 1924 मध्ये मार्गित नुर्दिन नावाच्या शिक्षिकेने ही रेस पूर्ण केली होती, दहा तास आणि काही मिनिटांत. आणि त्यानंतर लगेच बायकांना बंदी घातली गेली. ती बंदी उठली थेट 1981 ला! सत्तावन्न वर्षं बायका कडेला उभं राहून सूप वाटत राहिल्या. आजी तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या, घरात दोन लहान मुलं, आणि 1981 ला त्या सेलेनच्या माळावर उभ्या होत्या. मला हे त्यांनी फार उशिरा सांगितलं, ते पण मी विचारलं म्हणून. तेव्हापासून ट्रॅकवर थंडीची तक्रार करायला माझं तोंड उघडत नाही.

पहिल्या वर्षीचं सांगते. पहाटे अंधारात बसने सेलेनला पोचलो, नवख्या लोकांना सगळ्यात मागचा म्हणजे दहावा गट. सुरुवातीलाच मोठी चढण, जवळपास तीन किलोमीटर, आणि पंधरा हजार माणसं त्या एकाच टेकडीवर. पुढे सरकायचं म्हणजे पंढरपूरला दर्शनबारीत सरकतो तसं, एक पाऊल, थांबा, एक पाऊल. तिथे कुणाची तरी स्की माझ्या काठीवर आली आणि काठी कट्कन मोडली. तो माणूस बिचारा इतका कळवळला, पण करणार काय. एका काठीवर वरपर्यंत गेले आणि तशीच स्मोगनला, म्हणजे पहिल्या चेकपॉइंटपर्यंत पोचले, तिथे बदली काठी मिळाली. या सगळ्यात जो वेळ गेला तो दिवसभर भरून निघाला नाही.

प्रत्येक चेकपॉइंटला ठरलेली वेळ असते आणि वेळ झाली की ट्रॅकवर आडवी दोरी धरतात. दोरीच्या अलीकडे असाल तर तुमची रेस संपली. मॉंग्सबूदर्ना, रिसबेर्य, एव्हर्ट्सबेर्य, मी प्रत्येक ठिकाणी अगदी काठावर सुटत गेले. प्रत्येक ठिकाणी गरम ब्लूबेरीचं सूप मिळतं, जांभळं, गोडसर, घट्ट, पेला हातात घेतला की बोटं जिवंत होतात, पण मी ते घाईत नुसतं घशात ओतत होते. 62 किलोमीटरवर ओक्सबेर्य. लांबून लोकांचा आवाज ऐकू येत होता, "हेया हेया", म्हणजे आपलं चल चल, आणि मी जीव खाऊन ढकलत होते, पोटाने, हाताने, कशाने पण, आणि वळणावरून बाहेर आले तर दोरी दिसली. चार मिनिटं. दोरी धरलेल्या बाईंच्या डोळ्यात पाणी होतं, त्यांनी माझ्या पायाची चिप सोडवली, खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि मला बसकडे नेलं. त्या बसमध्ये कुणीच बोलत नव्हतं.

बसमधूनच अण्णांना फोन केला. तिकडे रात्र झाली होती, पण ते जागे होते. मला बोलताच येईना. अण्णांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, "दहा स्टेज झाले की गं. कराड ओलांडलंस तू." मी म्हटलं, पण पोचले नाही ना. तर म्हणाले, "गाडी बंद पडली तर आपण पॅसेंजरला मागच्या गाडीत बसवून देतो. तिकीट तेच चालतं. दुसरं तिकीट फाडायचं नसतं."

मागची गाडी यायला दोन वर्षं लागली, कारण पुढच्या हिवाळ्यात धाकट्याचं आजारपण निघालं आणि प्रॅक्टिस झालीच नाही. पण त्यानंतरचा अख्खा उन्हाळा आणि अख्खा हिवाळा मी सोडला नाही. आधी एक छोटी रेस करून चांगली वेळ दिली, त्यामुळे या वेळी गट पुढचा मिळाला आणि टेकडीवरची ती गर्दी बरीच टळली. या वेळी मी किलोमीटरच्या पाट्यांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मनात फक्त स्टेज. सहा किलोमीटर झाले की एक तिकीट फाडलं. चौथा स्टेज संपला तेव्हा मॉंग्सबूदर्ना. आठव्याला एव्हर्ट्सबेर्य जवळ आलं, निम्मी रेस तिथे होते, तिथे मी पहिल्यांदा सूप नीट उभं राहून, चव घेऊन प्यायले. ओक्सबेर्यचं ते वळण आलं तेव्हा छाती इतकी धडधडत होती की मी दोन क्षण ढकलायचंच विसरले. दोरी नव्हती. पंचवीस मिनिटं हातात होती. आणि तिथे, कुंपणाच्या कडेला, लाल टोपी घालून आजी उभ्या होत्या, गाडी करून आलेल्या, मला न सांगता. त्या फक्त ओरडल्या, "थांबू नकोस!"

त्याच्या पुढचे पाच स्टेज मी आयुष्यात विसरणार नाही. ओक्सबेर्यनंतर लागोपाठ चढ आहेत, तिथे मांड्यांमध्ये गोळे आले. हॅकबेर्यला पोचेपर्यंत अंधारून आलं, कपाळावर दिवा लावला, आणि मग जंगलात नुसते दिव्यांचे ठिपके पुढे आणि मागे, आणि बर्फावर काठ्या रुतल्याचा आवाज. एका म्हाताऱ्या काकांच्या मागे मागे मी बराच वेळ गेले, ते चढावर थांबले की मी थांबायचे. एल्ड्रिसला एका शाळकरी मुलाने सूपचा पेला माझ्या तोंडाला लावला कारण माझी बोटं काठीवरून सुटत नव्हती. तिथून फक्त दीड स्टेज.

मूरात शिरलं की आधी दिवे दिसतात, मग चर्चचा मनोरा, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर ती कमान, जिच्यावर लिहिलंय की पूर्वजांच्या वाटेवरून, उद्याच्या विजयांसाठी. रात्रीचे सात चौतीस झाले होते. मी कमानीखालून गेले आणि तिथेच गुडघ्यावर बसले, आणि मग आजींनी शिकवलं होतं तशीच उठले, दोन्ही स्की शेजारी शेजारी आणून.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. फोन हातात घेतला तर अण्णांचा व्हॉट्सअॅप आधीच येऊन पडलेला. दिवसभर ते भाचीच्या मोबाईलवर माझी प्रत्येक चेकपॉइंटची वेळ बघत बसले होते आणि जुन्या वहीत वे-बिलासारखे रकाने आखून लिहून काढत होते, नावं त्यांना जशी वाचता आली तशी, स्मागन, मांग्सबोडर्ना, रिसबर्ग, पुढे वेळ, पुढे स्टेज. त्याचाच फोटो होता. ओक्सबर्गच्या ओळीखाली पेनने दोनदा रेघ मारलेली. आणि सगळ्यात शेवटी, जरा मोठ्या अक्षरात: मोरा, 7.34, स्टेज 15, गाडी पोचली.