तपकीर गल्लीतून स्वस्त लॅन कार्ड: माझा अनुभव

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि संगणकाच्या मदरबोर्डवरचं लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल खोचायची जागा, गेलं. वायफायवर नेट भागत होतं, पण घरातल्या दुसऱ्या मशीनवर बॅकअप घ्यायचा तर केबल हवीच. आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचं लॅन बंद केलं. अर्धवट जळालेली चिप मशीनला कधी दिसते, कधी नाही. मग नवं कार्ड बसवल्यावर दोष नेमका कोणाचा हेच कळेनासं होतं.

दुकान गाठण्याआधी कॅबिनेट उघडून कार्ड खोचायचा स्लॉट बघावा. जुन्या मशीनमध्ये लांब, बहुधा पांढरा पीसीआय असतो. नव्यात जेमतेम अडीच सेंटिमीटरचा पीसीआय एक्स्प्रेस एक्स १. माझा एक्स १ जाड ग्राफिक्स कार्डाखाली दबला होता. पण एक्स १ चं कार्ड मोठ्या स्लॉटमध्येही चालतं, तेव्हा अडलं नाही. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड कॅबिनेटला स्क्रूनं बसवायची आखूड पट्टी सोबत आहे ना, ते आधीच विचारा.

पुण्याच्या बुधवार पेठेत गाडी लांब लावून चालतच जावं. तिथल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खोक्यावरचं छापील वाचण्यात अर्थ नाही. कार्ड हातात घ्यायचं, मोबाईलचा कॅमेरा झूम करायचा आणि चिपवरचा आकडा वाचायचा. चिपवर खेकड्याचं चिन्ह म्हणजे रियलटेक कंपनी. ८१११ किंवा ८१६८ असेल तर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस वेगाचं. ८१०१, ८१०५, ८१०६ असेल तर १०० एमबीपीएसच, दिसायला मात्र सख्खी भावंडं. ८१३९ तर जुन्या पीसीआयच्या जमान्यातलं. साध्या गिगाबिट कार्डाला पाचशे-सहाशेच्या वर देऊ नये, असा माझा हिशोब.

८१२५ चिपचं अडीच गिगाबिट कार्ड मोह पाडतं, पण स्विच किंवा राउटरही तेवढ्या वेगाचा नसेल तर पैसे पाण्यात. सर्व्हरमधून काढलेली इंटेल एक्स ५२० सारखी १० गिगाबिट कार्डं स्वस्त वाटतात. त्यांना लांब एक्स ८ स्लॉट लागतो, केबल वेगळी लागते आणि घरच्या कॅबिनेटमधल्या हवेत ती चटका बसेल इतकी तापतात. चार पोर्टचं कोरं ‘इंटेल’ कार्ड कवडीमोल भावात दिसलं, तर ते बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

विंडोजला ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सापडला नाही तर यूएसबी टेदरिंगनं, म्हणजे केबलनं मोबाईलचं नेट मशीनला देऊन, तो उतरवून घ्या. लिनक्सवर ८१२५ साठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.४ किंवा त्यापुढचा हवा. लिंक अधूनमधून तुटत असेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये ग्रीन इथरनेट ही वीज वाचवणारी सोय बंद करून बघा.

माझं गिगाबिट कार्ड मात्र १०० एमबीपीएसवरच अडकलं होतं. कार्ड बदलून मागायला निघण्याआधी केबल बदलून पाहिली, तेव्हा दोष केबलचाच निघाला. शंभरला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कनेक्टरमध्ये एक तार नीट दबलेली नव्हती. कनेक्टर पुन्हा क्रिम्प केल्यावर (पकडीनं दाबून बसवल्यावर) आयपर्फ ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामवर ९४० एमबीपीएसच्या आसपास मिळू लागले.